रेफरी नव्हता, मग भांडण मिटवायचं कोण? (लागोसच्या गल्लीतला फुटबॉल)

इलुपेजूकर
माझा मुलगा १० वर्षांचा आहे, जूनपासून बाणेरला फुटबॉल अ‍ॅकॅडमीत जातोय. शंकू, जाळीचे गोल, कोचच्या गळ्यात शिट्टी, सगळं व्यवस्थित. परवा येताना गाडीत त्याला सांगत होतो की आम्ही लागोसला रस्त्यावर कसं खेळायचो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाबा, पण रेफरी कोण होता?" म्हटलं कुणीच नाही. "मग गोल झाला की नाही ते कोण ठरवायचं?" आणि मला उत्तर देता येईना. सात वर्षं जवळजवळ रोज खेळलो, भांडणं रोज व्हायची, पण ती मिटायची कशी ते आठवतच नाही. तीन दिवस डोक्यात तेच चाललंय म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी देतो. आम्ही मूळचे इचलकरंजीचे. बाबा स्पिनिंग मास्तर, १९९० साली लागोसच्या एका कापड गिरणीत नोकरी लागली आणि आम्ही तिथल्या इलुपेजू भागात गेलो, मी तेव्हा सात वर्षांचा. कंपनीचे फ्लॅट, भोवती उंच भिंत, भिंतीवर काचा रोवलेल्या, गेटवर उत्तरेकडचा, हौसा समाजाचा एक म्हातारा गेटमन. शाळा इंडियन लँग्वेज स्कूल, तीही इलुपेजूतच. भिंतीच्या आत खेळायला जागा होती पण मुलं नव्हती आणि बाहेरच्या गल्लीत मुलंच मुलं. ती गल्ली पुढे शेजारच्या मुशिन भागाकडे जायची. आईने परवानगी दिली ती एका अटीवर, गेटमनला दिसत राहायचं. तो बिचारा खुर्ची उचलून गेटच्या बाहेर बसायला लागला.

खेळाचं नाव मंकी पोस्ट. दोन दगड, मधे चार पावलं, पावलं म्हणजे टाचेला अंगठा लावून मोजलेली. एवढासा गोल, त्यामुळे गोलकीपर नाही. चार जणांचा एक सेट, दोन गोल ज्याचे आधी तो जिंकला, हरलेला सेट बाहेर आणि पुढचा आत. चेंडू फेलेले, म्हणजे हलका रबरी-प्लास्टिकचा, जरा वारा आला की भलतीकडे वळणारा. चपला पायात नसायच्या, हातात घालायच्या, म्हणजे अक्षरशः मनगटातून वर कोपरापर्यंत सरकवायच्या, नाहीतर खेळ संपेस्तोवर कुणीतरी घालून गेलेलं असायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूला उघडी गटारं, चेंडू गटारात गेला तर ज्याचा पाय शेवटचा लागला त्याने काढायचा, यात लहानमोठा काही नाही.

आणि प्रत्येकाचं नाव नायजेरियाच्या एखाद्या खेळाडूचं. येकिनी, सियासिया, ओलिसे, फिनिदी. एकदा एकाने घेतलं की ते नाव दुसऱ्याला मिळायचं नाही. ओकोचा हे नाव ज्याच्याकडे होतं तो वयाने माझ्याएवढाच, पण पायात चेंडू आला की मोठी माणसं चालायची थांबायची. यातल्या एकाचंही खरं नाव आज मला येत नाही. गेल्या वर्षी जुलैत, म्हणजे २०२५ च्या, नायजेरियाचा गोलकीपर पीटर रुफाई गेल्याची बातमी वाचली तेव्हा आधी आमच्या गल्लीतला रुफाईच डोळ्यासमोर आला, मोठ्या खेळात गोलकीपरला उभा राहायचा तो. खूप वेळ तसाच बसून राहिलो.

तर विचारायचं हे की नायजेरियात किंवा कुठेही असं गल्लीत खेळलेलं कुणी आहे का इथे? तुमच्याकडे भांडण कोण मिटवायचं?

बंडू_सातारकर
सोप्पंय की, ज्याची बॅट त्याचा निर्णय. जगभर हाच कायदा आहे, घटनेत नसला म्हणून काय झालं.
धागा मस्त. चपला कोपरात घालायची आयडिया आमच्या देवळाबाहेर कुणाला सुचली नाही याचं वाईट वाटतं.

रेवती_ग
काय सुंदर लिहिलंय! गेटमन खुर्ची बाहेर आणून बसायचा हे वाचून भरून आलं. वाचतेय, अजून लिहा.

इलुपेजूकर
@बंडू, आमच्याकडे ते चालायचं नाही कारण चेंडू एकट्याचा नसायचा. सगळ्यांनी मिळून नायरा, म्हणजे तिथले पैसे, गोळा करून घेतलेला. मी जास्त द्यायला निघालो तर घेतले नाहीत, सगळ्यांएवढेच. तेव्हा वाटलं यांना माझे पैसे नकोत की काय, कारण आज कळतं.

पेठेतला
कोल्हापूरकर हजर! भावा, रेफरी शिट्टी मारत असताना आमच्याकडं भांडणं मिटत नाहीत आणि तू बिनरेफरीचं विचारतोस 😄 शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच बघ कधीतरी, निम्मं गाव भिंतीवर बसलेलं असतंय. आफ्रिकेतली पोरंबी येऊन खेळल्यात आमच्या पेठांकडनं. एवढं खरं की लहानपणी गल्लीत खेळताना तालमीतला कोणतरी मोठा कट्ट्यावर बसलेला असायचाच, त्यानं नुसती मान हलवली की विषय संपला. तुमच्यात असलं कोण नव्हतं का? तो गेटमन?

इलुपेजूकर
गेटमन फुटबॉलमध्ये पडायचा नाही. तो फक्त माझ्याकडे बघायचा.

म्हापशेकार
गोव्यात नायजेरियाचं नाव काढलं की पयलं नाव रँटी मार्टिन्स. धेंपो क्लबकडून खेळायचा, नंतर तिथलाच ओडाफा चर्चिल क्लबकडे, दोघांचे गोल बघत आमची कॉलेजची वर्षं गेली. मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर रँटीने बॉल घेतला की मागून कुणीतरी हमखास म्हणायचा, "हो मनीस बॉल सोडचो ना." मला नेहमी वाटायचं याच्या पायात बॉल असा चिकटून कसा राहतो. आज मंकी पोस्ट वाचल्यावर थोडं समजलं. गोलच चार पावलांचा असेल तर लांबून मारून फायदा काय, बॉल पायाला बांधून दाराशीच न्यावा लागणार.
आमच्याकडे भात कापला की शेतं रिकामी, तिथे खेळायचो. भांडण झालं की पाद्रीबाब येऊन मिटवायचे, त्यांनाही खेळायचं असायचं.

आकडेबाज
म्हापशेकरांना अनुमोदन. ओकोचाही असाच, एनुगूच्या गल्ल्यांतला. १९९३ साली फ्रँकफुर्टकडून खेळताना गोलकीपर ऑलिव्हर कानला समोर ठेवून त्याने जो गोल केला तो बघा, चेंडू मारायची संधी चार वेळा येते आणि हा चारही वेळा मारत नाही, आणखी एकाला फिरवतो. मोठ्या मैदानावर शिकलेला मुलगा पहिल्याच वेळी मारून मोकळा झाला असता.
आणि इलुपेजूकर, तुम्ही तिथे होतात ती वर्षं म्हणजे नायजेरियन फुटबॉलची सोन्याची वर्षं! १९९४ ला ट्युनिसमध्ये झांबियाला २-१ हरवून आफ्रिका कप, अमुनिकेचे दोन्ही गोल. त्याच वर्षी वर्ल्डकपला पहिल्यांदा खेळले. १९९६ ला अटलांटात ऑलिंपिक सोनं. तुम्ही हे सगळं गल्लीतून पाहिलंत, जरा सविस्तर लिहा ना प्लीज.

इलुपेजूकर
लिहितो. १९९४ च्या वर्ल्डकपमधली बल्गेरियाची मॅच आमच्या घड्याळात मध्यरात्रीनंतर होती. वीज नव्हती. तिथे वीज मंडळाला नेपा म्हणायचे आणि वीज आली की अख्खी गल्ली एका सुरात ओरडायची, "अप नेपा!" त्या रात्री आलीच नाही. समोर एक घर होतं, फेस-मी-आय-फेस-यू म्हणतात तसल्या बांधणीचं, म्हणजे मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंनी खोल्या, दारासमोर दार, टोकाला सगळ्यांचा मिळून नळ आणि संडास. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला परळच्या मावशीची चाळ आठवली होती. तिथे कुणीतरी गाडीची बॅटरी काढून आणली आणि छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बोळाच्या तोंडाशी ठेवला. बाबा मला खांद्यावर घेऊन गेले. येकिनीने पहिला गोल केला, जाळीत हात घालून रडत ओरडत होता, आणि बोळातली सगळी माणसं त्याच्याबरोबर ओरडत होती. बाबांना तिथली एक म्हातारी बाई मिठी मारून रडली, बाबा नुसतेच उभे. ३-० जिंकलो. बघा, आजही "जिंकलो"च लिहिलं जातंय माझ्याकडून.

इटलीची मॅच ५ जुलैला, आमच्याकडे संध्याकाळ. अमुनिकेचा गोल, मग त्यांच्या झोलाला रेड कार्ड, इटलीचे दहाच जण. दोन मिनिटं राहिली होती. दोन मिनिटं! बाजूच्या बाईने पातेलं वाजवायला हातात घेतलं होतं. आणि ८८ व्या मिनिटाला इटलीच्या बॅजिओचा गोल. मग जादा वेळेत परत त्याचीच पेनल्टी. त्यानंतर गल्लीत जी शांतता होती ती मी पुन्हा कधी कुठे ऐकली नाही, आणि एवढ्या शांततेत कुणाचं तरी पोर रडत होतं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी चारला मी खेळायला गेलो. तोपर्यंत मला खेळाडूचं नाव नव्हतं, नुसता "ओयिंबो", तिकडे गोऱ्यालाही तेच आणि आपल्यालाही तेच. त्या दिवशी आमच्या गल्लीतला येकिनी माझ्याकडे बघून म्हणाला, "बॅजिओ." बस. आठवडाभर मला कुणी पास दिला नाही. मी सेटमध्ये असायचो, धावायचो, पण चेंडू माझ्याकडे यायचाच नाही. घरी येऊन आईला सांगितलं की मी इटलीचा नाहीये हे त्यांना तू सांग. आठव्या दिवशी ओकोचाने पास दिला, मी घाईत मारला आणि दोन दगडांच्या मधून गेला. नाव मात्र बॅजिओच राहिलं, १९९७ ला आम्ही निघालो तोपर्यंत. टॅक्सीमागे धावताना पण तेच ओरडत होते.

रेवती_ग
"आठव्या दिवशी ओकोचाने पास दिला" 😭

कानोची_कन्या
हा धागा कालपासून चार वेळा वाचला, आज लिहायचं धाडस करते. माझे आईबाबा दोघंही शिक्षक, १९७८ ते १९८५ आम्ही उत्तर नायजेरियात कानोला होतो. तेव्हा नायजेरियाने प्राथमिक शिक्षण सगळ्यांसाठी करायचं ठरवलं होतं, शाळा भराभर उघडल्या, शिक्षक कमी पडले आणि भारतातून खूप जण गेले. बाबा गणित शिकवायचे, आई विज्ञान.

कानो म्हणजे लागोसच्या अगदी उलट. कोरडं, सपाट, वाळू. गटारं वगैरे नाही. माझा भाऊ आणि शेजारची मुलं अनवाणी खेळायची, डिसेंबरपासून हरमाटन सुरू झाला की वाळवंटाकडून एवढी धूळ यायची की पलीकडचा गोल दिसायचा नाही, कुणीतरी ओरडलं की समजायचं गोल झाला. ओठ फुटायचे, आई सगळ्यांच्याच ओठांना व्हॅसलिन लावायची, रांगेत उभी राहायची मुलं. चेंडूला हौसा भाषेत क्वालो म्हणतात, तो बहुतेक वेळा चिंध्या आणि मोज्यांचा. खेळ संपायची वेळ ठरलेली, मगरिबची अजान झाली की जिथे असेल तिथे चेंडू सोडून मुलं पाण्याकडे. २-२ असो नाहीतर काही असो, उद्या तिथूनच पुढे.

मी मुलगी म्हणून काठावर बसायचे. पण त्यामुळेच इलुपेजूकरांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहिती आहे असं वाटतंय. खेळणाऱ्याला ते कळत नाही, काठावरच्याला कळतं. संध्याकाळी सविस्तर लिहिते, आता ऑफिस.

बंडू_सातारकर
असा सस्पेन्स ठेवून ऑफिसला जाणाऱ्यांवर कारवाई झाली पाहिजे.

आकडेबाज
ताई, मग १९८० चा आफ्रिका कप तुम्हाला आठवत असेल! लागोसच्या सुरुलेरेतल्या नॅशनल स्टेडियमवर अल्जीरियाला ३-०, सेगुन ओडेगबामीचे दोन आणि मुडा लावालचा एक. तेव्हा टीमचं नाव ग्रीन ईगल्स होतं.

कानोची_कन्या
@आकडेबाज, आठवतं तर! रेडिओवर. अर्नेस्ट ओकोंक्वो नावाचे समालोचक होते, त्यांच्या तोंडून "मॅथेमॅटिकल ओडेगबामी" ऐकलं की बाबा खूश, गणिताचे शिक्षक ना. ते वर्गात पोरांना सांगायचे, बघा, गणित आलं की असे गोल होतात.

मैदानी_माणूस
सगळ्यांचं भावविश्व वाचलं, मनापासून आवडलं, पण एक वेगळा मुद्दा मांडतो. मी १२ वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतो. "गल्लीतून खेळाडू घडतात" हे ऐकायला छान वाटतं पण त्यात जे घडले तेच आपल्याला दिसतात. ओकोचा दिसला. त्या गल्लीत त्याच्याबरोबर खेळलेली बाकीची पन्नास मुलं कुठे गेली? किती जणांचे गुडघे गेले, गंजलेला पत्रा पायात घुसून कुणाला धनुर्वात झाला, कुणाला शाळा सुटली. व्हिक्टर ओसिमेन लागोसच्या ओलुसोसुनचा, कचऱ्याच्या डोंगराशेजारी वाढला, ट्रॅफिकमध्ये पाण्याच्या पिशव्या विकायचा, त्या कचऱ्यातून बूट शोधायचा. २०२३ ला आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू झाला, याचं कौतुक मलाही आहे. पण मुलाला कचऱ्यातून बूट शोधावे लागू नयेत एवढं तरी आपण म्हणू शकतो ना? शंकू आणि शिट्टीला नावं ठेवू नका. इलुपेजूकर, राग मानू नका, पण तुम्ही खेळ संपला की गेटच्या आत जायचात. तिथे जेवण होतं.

पेठेतला
सर, मुद्दा कडक. पण शंकूभोवती पळून पळून पोरं मॅचमध्ये शंकू हुडकत्यात हेबी तितकंच खरं 🙏

म्हापशेकार
मैदानी_माणूस, मान्य. पण मुलाने स्वतः विचार करायचा कधी? कोच बाजूने "पास! पास!" ओरडत असतो.

मैदानी_माणूस
@म्हापशेकार, मी ओरडत नाही 🙂 पण ओरडणारे आहेत हे खरं, आणि त्याहून जास्त पालक ओरडतात.

इलुपेजूकर
मैदानी_माणूस, राग अजिबात नाही, उलट बरं झालं तुम्ही लिहिलंत. गेटची गोष्ट खरी आहे आणि ती मला तेव्हाही थोडी कळायची. खेळ झाल्यावर पफ-पफ विकणारी बाई यायची, पफ-पफ म्हणजे आपले गुलगुले, जरा मोठे आणि मऊ. कधी अकारा, तो चवळीच्या वाटणाचा वडा, आईला इतका आवडला की इचलकरंजीला आल्यावरही करायची. माझ्या खिशात पैसे असायचे, बाकीच्यांच्या नसायचे, पण एकाने घेतलं तर तुकडे करून सगळ्यांना, त्यात माझंही आलं. आणि ओकोचाच्या घरी गेलो की गारी मिळायची, कसाव्याचा रवा, त्यात गार पाणी, साखर आणि शेंगदाणे. मी ते खाऊ म्हणून खायचो. ते त्याचं रात्रीचं जेवण होतं हे मला खूप नंतर, इथे परत आल्यावर कॉलेजात असताना अचानक एकदा कळलं. बसमध्ये होतो. तो माझ्याएवढा चांगला नव्हे, माझ्या शंभरपट चांगला खेळायचा, आणि त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. टीव्हीवर नायजेरियाची टीम आली की अजूनही मी आधी चेहरे बघतो. ४२ वर्षांचा माणूस आता टीममध्ये नसणार एवढं कळतं, तरी बघतो.

रेवती_ग
काय बोलू.

विषय थोडा बदलते, मुली खेळायच्या का लागोसला? कानोची_कन्या काठावर बसायच्या म्हणाल्या तेव्हापासून डोक्यात आहे.

इलुपेजूकर
मुलींचं सुवे आणि टेन-टेन चालायचं. सुवे म्हणजे आपली ठिकरी, तेच चौकोन, तीच लंगडी. टेन-टेनमध्ये दोघी समोरासमोर, टाळ्यांच्या तालावर उड्या आणि पाय पुढे, कुणाचा कुठला पाय आला त्यावर गुण. येकिनीची मोठी बहीण मात्र खेळायची. सेटमध्ये एक कमी पडला की ती स्कर्ट खोचून आत. तिच्या आईने हाक मारली की सगळी मुलं तिच्यासमोर भिंत करून उभी राहायची, म्हणजे दिसू नये.

आकडेबाज
आणि आज बघा! असिसात ओशोआला लागोसजवळच्या इकोरोडूची, घरचा विरोध असताना मुलांबरोबर रस्त्यावर खेळून मोठी झाली आणि सहा वेळा आफ्रिकेतली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. नायजेरियाच्या मुली १९९१ पासूनच्या प्रत्येक महिला वर्ल्डकपला खेळल्यात. २०२५ च्या जुलैत मोरोक्कोत मोरोक्कोलाच ०-२ वरून ३-२ हरवून दहाव्यांदा आफ्रिका कप घेतला. येकिनीच्या बहिणीला हे सगळं बघताना काय वाटत असेल.

लागोसवासी
नमस्कार, मी सध्या लागोसच्या लेक्की भागात राहतो, नऊ वर्षं झाली इथे. धागा बायकोने पाठवला. आता इथे ठिकठिकाणी कृत्रिम गवताची मैदानं झालीत, तासावर भाड्याने. ऑफिसवाले तिथे खेळतात, मी पण. मंकी पोस्ट मात्र आहेच, पुलाखाली, गल्लीत, समुद्राच्या वाळूत. दगडांऐवजी आता लोखंडी सळीचे छोटे वेल्डिंग केलेले गोल बरेच ठिकाणी दिसतात. आणि सेट हाच शब्द अजून, "आय गेट नेक्स्ट सेट" रोज कानावर येतं.
एक विचारायचं होतं, तुम्ही "मोठ्या खेळात" गोलकीपर असायचा म्हणालात, तो कुठे व्हायचा?

इलुपेजूकर
वा, प्रत्यक्ष लागोस! मोठा खेळ म्हणजे महिन्याचा शेवटचा शनिवार. सॅनिटेशन! सकाळी ७ ते १० कुणी घराबाहेर पडायचं नाही, आपापलं अंगण आणि गटार साफ करायचं, असा सरकारी नियम. १९८४ ला लष्करी सरकारने शिस्तीची मोहीम काढली होती त्यातून आलेला. गाड्या बंद, डॅन्फो म्हणजे तिथल्या मिनीबस बंद, मोठा रस्ता अख्खा रिकामा. मोठी माणसं गटारातला गाळ उपसून रस्त्याच्या कडेला ढीग लावायची आणि मुलं तो रस्ता घ्यायची, खरा मोठा गोल, अकरा-अकरा, कधी पंधरा-पंधरा, त्यात गोलकीपर. रुफाई त्या डांबरावर झेप घ्यायचा. डांबरावर! कोपर सोललेलं असायचं आणि तो हसायचा. पोलिसांची जीप दिसली की गोलाचे दगड सोडून सगळे गटार उपसायला, फावडं नसलं तरी. मला भिंतीच्या आत राहायला सांगितलेलं असायचं, पण दहा मिनिटांत गेटमनच गेट किलकिलं करायचा.

लागोसवासी
सॅनिटेशनची ती बंदी लागोसमध्ये २०१६ ला उठली. माझ्या ऑफिसातले लोक सांगतात की बंदीचा त्रास होता पण फुटबॉल गेला याचं दुःख आहे. या रविवारी मी सुरुलेरेला जाणारच आहे, एखादी मंकी पोस्ट दिसली तर उभं राहून बघतो, भांडण झालं की कळवतो.

पेठेतला
भांडण बघायला रविवारी मुद्दाम जाणारा माणूस, आपलाच आहे हा!!

कानोची_कन्या
उशीर झाला, माफ करा, लेकीचा ताप. आता लिहिते.

काठावर मी एकटी नसायचे. पुढचा सेट बसलेला असायचा, आणि त्याच्या पुढचाही. त्यांना आत यायचं असतं आणि उजेड संपत चाललेला असतो. मैदानात कुणी "गोल", कुणी "नाही" करून थांबलं की पहिली काही सेकंद काठावरचे गप्प बसायचे. मग एक जण ओरडायचा, मग सगळे. खरा गोल झाला होता की नाही याच्याशी त्यांना फार देणंघेणं नाही, त्यांना खेळ पुढे जायला हवा. आणि भांडत राहिलात तर ते सरळ उठून आत यायचे, म्हणजे दोन्ही सेट बाहेर. हे एकदा झालेलं मी पाहिलंय, भाऊ त्या सेटमध्ये होता, रडत घरी आला. त्यानंतर महिनाभर त्यांच्यात गोलावरून वाद नाही. तुमच्याकडेही जिंकलेला सेट आत राहायचा आणि बाकीचे रांगेत, म्हणजे असंच असणार बघा. रेफरी होताच, कडेला बसलेला.

इलुपेजूकर
ताई. हो. हो हो हो.
"प्ले बॉल!" असं ओरडायचे. आत्ता वाचता वाचता कानात आलं. "प्ले बॉल, अबेग!" अबेग म्हणजे प्लीज. भिंतीला टेकून बसलेली रांग, सगळ्यांच्या कोपरात चपला. आणि मी स्वतःही ओरडलोय की, पुढच्या सेटमध्ये असताना. ओकोचाविरुद्धसुद्धा ओरडलोय.

मैदानी_माणूस
हे फार महत्त्वाचं आहे. माझ्याकडे २२ मुलं असली तर मी २२ जणांना एकाच वेळी खेळवतो, कुणी बसून राहिलं की पालक विचारतात पैसे कशाचे भरले. म्हणजे काठावर कुणी नसतंच. मंगळवारपासून शेवटची २० मिनिटं मंकी पोस्ट, शिट्टी खिशात. बघतो.

लागोसवासी
रविवारचा रिपोर्ट. सुरुलेरेत एका आडगल्लीत तीन सेट होते, साधारण १२-१३ वर्षांची मुलं. अर्ध्या तासात सहा वेळा वाद, जास्तीत जास्त १५-२० सेकंद. ताईंनी लिहिलं तस्संच, कडेची मुलं ओरडायला लागली की संपलं. एकदा मात्र मिटेना तेव्हा पेनल्टी दिली, मधल्या रेषेवरून रिकाम्या गोलात, त्या सळीच्या एवढ्याशा गोलात हं. पोराने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि बाहेर मारला. ज्याने मारला तोच सगळ्यात आधी हसला. मी फोटो काढले नाहीत, मुलं दुसऱ्यांची आहेत.
आणि एकाच्या पाठीवर मार्करने ओसिमेन लिहिलं होतं. मी विचारलं इथे ओकोचा कोण? तर त्यातल्या लहानग्याने सगळ्यात बुटक्या मुलाकडे बोट दाखवलं.

रेवती_ग
म्हणजे नाव अजून चालू आहे!!

बंडू_सातारकर
माझा कायदा रद्द समजावा. लोकशाहीचा विजय असो. चेंडू माझा असला तरी.

इलुपेजूकर
लागोसवासी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तो परिच्छेद मी आईला वाचून दाखवला, ती आता ७१ ची आहे. तिने विचारलं, गल्ली कुठली, गटार झाकलं का.

काल आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर दोन-दोन विटा ठेवल्या. मधे चार पावलं, मुलाच्या पायाने मोजून. बारा मुलं जमली, त्यात तीन मुली, तीन सेट झाले. पहिला वाद दुसऱ्याच मिनिटाला, माझा मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी मोबाईलमध्ये बघितलं. भिंतीवर बसलेल्या चौघांपैकी एक मुलगी ओरडली, "अरे खेळा ना, अंधार होतोय!" झालं, खेळ सुरू. मी तिला काही शिकवलं नव्हतं.

घरी येताना मुलगा म्हणाला, बाबा, आम्ही पण नावं घेणार आहोत, मी ओकोचा. म्हटलं ते दिलेलं आहे, दुसरं बघ.